स्वयंपाकाचा हात

४ नोव्हेंबर

वन्सं,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मनापासून आहे असं समजू नका.

परवा वॉर्डात तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं. मी दाराकडे तोंड करून उभी होते, बहिरी झाले नव्हते. "हिच्याच्यानं हे व्हायचं नाही. सुट्टी मिळाली की धाकट्याला मी माझ्याकडे नेणार." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको माझ्याकडे टकामका बघायला लागली. नर्सने मान खाली घातली. आणि हे? हे छताच्या पंख्याकडे बघत पडले होते, भलत्याच कुणाच्या भावाबद्दल बोलणं चालल्यासारखे.

तुम्ही म्हणालात ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. चारचौघांत म्हणालात ह्याचा मला राग आहे. ह्यांचं खराब आतडं कापून काढलं, उरलेल्याचं तोंड पोटावर आणून त्यावर पिशवी लावली. आता जन्मभर सगळं तिथूनच, त्या पिशवीत. ह्यांचे हात थरथरतात, त्यामुळे पिशवी बदलायची ती घरच्या माणसाने. घरातलं कुणीतरी शिकल्याशिवाय घरी सोडणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलंय. आणि घरात मी एकटी. नर्सने पिशवी धरून ठेवणारी ती चिकट चकती पोटावरून सोलायला घेतली, वास आला आणि मी दार गाठलं. शी! लिहितानासुद्धा तोंडाला पाणी सुटतंय, उलटीच्या आधी सुटतं ते.

मी कशी आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. आमच्याकडे राहायला आला होतात तेव्हा तुमची अंघोळ झाली की मी न्हाणीघरात उकळतं पाणी ओतायचे. तुम्ही ते ऐकलंत, बॅग भरलीत आणि निघून गेलात. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. त्याची माफी मागायला मी आज कागद घेतलेला नाही. मला किळस येते. नोटांची येते, दुसऱ्याच्या चपलांची येते, कुणी जेवताना मिटक्या मारल्या की येते. हात धुतला की बरं वाटतं, म्हणून धुते.

तर झालं असं. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून चौकातल्या दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर म्हणजे कोवळं पोर, सर्दी-ताप-जुलाब बघणारं. त्याने गोळ्या लिहायच्या सोडून माझे हात बघितले. बोटांच्या पेरांवर भेगा आहेत, थोडं रक्तही होतं. कशाने म्हणाला. साबणाने म्हटलं. मग त्याने बसवून ठेवून एकेक विचारलं आणि कशी कोण जाणे, मी पिशवीचं सगळं सांगून टाकलं. म्हणाला, हा आजार आहे, ह्याला उपचार आहे. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर तिथली रांग काही लवकर संपत नाही. पण आमच्या सिस्टर हे शिकून आल्यात, इथेच करतील. त्याला सीबीटी म्हणतात. गोळी नाही, सुई नाही. डोक्यात काय विचार येतो ते पकडायचं आणि मग मुद्दाम उलटं वागून तो विचार खरा आहे का ते बघायचं.

आजार म्हणे! स्वच्छ राहणं हा आजार कधीपासून झाला? उठून चालती होणार होते. पण तुमचं ते वाक्य आठवलं आणि बसले.

आता पत्र का, ते सांगते. सिस्टर म्हणाल्या, जे होईल ते घरी लिहून काढा. मी कोऱ्या कागदाशी बोलणारी बाई नाही, मला समोर भांडायला कुणीतरी लागतं. तुमच्याइतकं सोयीचं माणूस माझ्याकडे दुसरं नाही.

धाकट्याची बायको


११ नोव्हेंबर

वन्सं,

उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती.

ह्या दवाखान्यात सिस्टरांना स्वतःची खोलीसुद्धा नाही. ड्रेसिंगच्या खोलीत बसवतात. एका बाजूला बाळांचं वजन करायचा काटा, दुसऱ्या बाजूला पायाने उघडायची बादली, आणि त्यात काय असतं ते मी विचारलं नाही. मध्येच कुणीतरी दार ढकलून विचारतं, इंजेक्शन इथेच का? आणि ह्या अशा खोलीत माझं मन बरं करणार. बरं, सिस्टर पण कशा, तर बुटक्या, घाईत असलेल्या, एका हाताने पेन टकटक करणाऱ्या. पायात कॅनव्हासचे बूट, त्यांवर आयोडीनचे डाग. माझं अर्धं लक्ष त्या डागांवरच होतं.

पहिल्याच दिवशी भांडले मी त्यांच्याशी. म्हटलं, भीतीचं समजू शकते. लिफ्ट पडेल असं वाटतं, माणूस छाती करून आत शिरतो, लिफ्ट पडत नाही, भीती खोटी ठरते. पण घाण ही घाणच. गटारात हात घातला तर तो बरबटणारच. ह्यात कुठला विचार खोटा ठरवणार तुम्ही?

"घाण आहे हे खरंच आहे," त्या म्हणाल्या. "मला ते सहन होणार नाही, हा विचार. तेवढाच तपासायचा."

ह्याचा मला दिवसभर संताप होत राहिला.

त्यांचं म्हणणं असं, की किळस आली की मी लगेच नळाकडे पळते, त्यामुळे ती आपण होऊन किती चढते आणि कधी उतरते हे मला आजवर कळलेलंच नाही. पळायचं नाही. बसायचं. ती चढेल, रेंगाळेल, उतरेल. सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लावल्यात आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे ह्यांची पिशवी.

पहिली पायरी बाहेरच्या बाकावर बसायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? त्या बाकामागची भिंत बघितलीत का? वर्षानुवर्षं पेशंट डोकं टेकून बसलेत, तर भिंतीवर तेलकट काळे गोल उमटलेत, ओळीने. त्यांतल्या एका गोलाला माझं डोकं टेकायचं. नेमका तो सगळ्यात चिकट गोल माझ्या वाट्याला आला. सिस्टर म्हणाल्या, शंभरपैकी किती किळस येतेय? म्हटलं, एकशे दहा. त्या हसल्या नाहीत. एकशे दहा लिहून घेतलं आणि लसी टोचायला निघून गेल्या. मी तशीच बसून. मानेवर काहीतरी सरपटतंय असं वाटत होतं. शेजारी एक गृहस्थ शिंकत होते, तेही हात आडवा न धरता. परत आल्या तेव्हा विचारलं, आता किती? खोटं कशाला बोलू, साठ होती. मी नळाकडे गेले नव्हते आणि तरी साठ झाली होती.

मग दाराची मूठ. तापाची, खोकल्याची, नाक पुसलेली, सगळी माणसं तीच मूठ धरून आत येतात. धरली. डाव्या हाताने घट्ट धरली. मग घरी मोरीच्या जाळीवर अडकलेले केस काढायचे, तो बुळबुळीत गुंता, आणि हात तसाच ठेवून बसायचं. तेही केलं. डावा हात मांडीवर उताणा ठेवून मी उजव्याने मासिकाची पानं उलटत बसले.

तर आता कळलं असेल, हिच्याच्यानं काय होतं आणि काय नाही.

ह्यांना रोज भेटते. तुम्ही नसता त्या वेळी जाते, हेही तुमच्या लक्षात आलं असेलच.

धाकट्याची बायको


१८ नोव्हेंबर

वन्सं,

आज मी हवेत आहे, तेव्हा थोडक्यात लिहिते.

सिस्टरांनी ह्यांना लावतात तशीच कोरी पिशवी मागवली, तिच्यात चहात भिजवलेली बिस्किटं कालवून भरली आणि माझ्यापुढे धरली. रंग तोच, मऊपणा तोच, हातात घेतली की ऊबसुद्धा तीच. तुम्ही बघितली असतीत तर त्या दिवशीचं जेवण गेलं नसतं तुम्हाला. मला आधी कोरडा उमासा आला. मग मी ती डाव्या हातात घेतली, तोलली, दाबली आणि बादलीत रिकामी केली. डॉक्टर दारातून डोकावून गेला. म्हणाला, काकू, कमाल आहे. मला काकू म्हटलेलं आवडत नाही, पण जाऊ दे.

सिस्टरांनी एकदा विचारलं होतं, उजव्या हाताला काही दुखतंय का? म्हटलं, सवय आहे. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. बाहेर रांग असते त्यांना.

गुरुवारी वॉर्डातली नर्स माझी परीक्षा घेणार आहे. तिच्यासमोर पिशवी बदलून दाखवली की हे घरी. तुम्ही जरूर या. समोरची खुर्ची तुमच्यासाठी ठेवायला सांगते. चारचौघांत बोललात ना, आता चारचौघांत बघा.

धाकट्याची बायको


२२ नोव्हेंबर

वन्सं,

बघितलंत. समाधान झालं असेल.

तुम्हाला नुसतं एवढंच दिसलं, की मी उभी राहिले, पिशवीला हात घातला आणि पुढे काही करेना. का करेना ते तुम्हाला कळलं नसणार, म्हणून लिहिते. आता लपवून काय उपयोग?

पिशवी एका हाताने बदलता येत नाही. एका हाताने पोटाची कातडी दाबून धरायची, दुसऱ्याने चकती सोलायची. नाहीतर कातडी सोलवटते. पुसून कोरडं केलं की नवी चकती बसवायची आणि तळहाताने दाबून धरायची, ऊब लागली की ती चिकटते. सगळं दोन हातांचं काम. आणि माझा उजवा हात पाठीमागे होता.

पहिल्या दिवशी, ती दाराची मूठ धरायच्या आधीच, मी मनात वाटणी करून टाकली होती. डावा हात घाणीला देऊन टाकायचा. उजवा स्वयंपाकाचा. उजव्याला काही लागू द्यायचं नाही. सिस्टर ज्या ज्या पायरीवर शाबास म्हणाल्या, तिच्यावर मी डाव्या हाताला चढवलं आणि मी स्वतः खालीच उभी राहिले. घरी डावा हात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येत नव्हता. एका हाताने भाजी चिरता येत नाही, कणीक मळता येत नाही, म्हणून मी पावावर आणि केळ्यांवर दिवस काढले. वर मला वाटत होतं, किती हुशार आहे मी.

नर्स म्हणाली, "दुसरा हात लावा की. उजव्याला काय झालंय?"

तुमच्या भावाने उत्तर दिलं. तुम्हीही ऐकलंत.

"राहू द्या सिस्टर. तो तिचा स्वयंपाकाचा हात आहे. मला ती डावाच देते."

वन्सं, मला वाटत होतं की हे कुणाला माहीत नाही. रोज भेटायला जायचे, खाटेशी बसायचे, हे माझा हात हातात घ्यायचे. मी द्यायचे तो डावा. खाट डावीकडे असो की उजवीकडे, मी स्टूल फिरवून बसायचे. म्हणजे ती मूठ, ते केस, ती बादली आणि तुमचा भाऊ, सगळं एकाच हाताच्या बाजूला. ह्यांना ते पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि तरी रोज आपणहून हात पुढे करत होते.

तुम्ही हसलात. खोकल्यासारखं केलंत, पण हसलात. हे म्हणाले, "ताईकडे जातो मी, ते बरं पडेल." बोलायला तोंड होतं कुठे?

मला माझी किळस आली आहे. ही कुठल्या साबणाने जायची ते सिस्टरांना विचारणार होते, पण आता तिथे जायचंच नाही असं ठरवलंय.

धाकट्याची बायको


२९ नोव्हेंबर

वन्सं,

तुमच्या घरी हे कसे आहेत? फोन केला की "बरं आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. पिशवी बदलायला तुम्ही ठेवलेला तो मदतनीस नीट करतो ना? चकतीला आतड्याच्या तोंडापुरतं भोक पाडायचं असतं, ते मोठं कापलं तर कडेची कातडी जळते, त्याला सांगा.

मी दवाखान्यात गेले. उपचार बंद करते एवढंच सांगायला गेले होते, आणि जमलं तर सिस्टरांना चार शब्द सुनवायलाही. म्हटलं, तुमच्या लक्षात कसं नाही आलं? त्या म्हणाल्या, "आलं होतं. तुमचा वेग चांगला होता म्हणून मी टोकलं नाही. चूक झाली माझी." आता ह्यावर भांडण तरी कसं करणार?

मग पेन ठेवून त्यांनी विचारलं, उजव्याला लागलं तर काय होईल असं वाटतं? तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, ह्यांची घाण उजव्याला लागली की तो हात पुन्हा कधी माझा होणार नाही. त्याने केलेलं मला खाववणार नाही. धुतला की स्वच्छ होईल हे मला कळतं, पण माझ्या लेखी होणार नाही. त्या म्हणाल्या, हा झाला विचार. आता हाच तपासू. खाऊन बघू.

तर वन्सं, त्यांनी पुन्हा ती बिस्किटांची पिशवी केली. ह्या वेळी उजवा हात आत, बोटं पसरून, मनगटापर्यंत. डावा त्यांनी स्वतःच्या हातात धरून ठेवला होता, पळायला जागा नको म्हणून. मग बेसिनवर एकदा साबण. एकदाच, चारचौघं धुतात तसा. मी दुसऱ्यांदा साबणाकडे वळले तर त्यांनी तो उचलून खिशात टाकला. मग त्याच हाताने पावाचा तुकडा मोडून खायचा.

खाल्ला आणि ओकले. तिथेच, बेसिनमध्ये. बाहेरची बाळंसुद्धा रडायची थांबली असतील असा आवाज केला मी. वाटलं, आता तरी घरी पाठवतील. सिस्टरांनी नळ सोडला, मला तोंड पुसायला कापूस दिला आणि म्हणाल्या, झाली ना उलटी? सहन झाली ना? आता दुसरा तुकडा.

असली निर्दय बाई मी पाहिली नाही. दुसरा तुकडा आत राहिला.

आता रोज जाते. घरी उजव्या हाताने मोरी साफ करते, एकदा धुते आणि त्याच हाताने कणीक मळते. जेवताना अजून प्रत्येक घासाला शिसारी येते. हे लिहिताना हाताला मोरीचा वास येतोय, खरा की वाटणारा ते ठाऊक नाही. बरी झालेय असं मुळीच समजू नका.

ह्यांना हे सांगू नका. आधी एकदा सगळं जमल्याचा डंका पिटला, तेवढं पुरे.

धाकट्याची बायको


७ डिसेंबर

वन्सं,

काल तुमच्या घरी आपण एक शब्द बोललो नाही, म्हणून आज लिहिते आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाचा, मध्येच फाडलंत तरी तुकडे जुळवून वाचा.

मला फोन तुमच्या भावाने केला. म्हणाले, आज मदतनीस आला नाही, ताईची तारांबळ उडालीय. तू येऊ नकोस, आपलं सांगितलं. त्यांच्या आवाजावरून कळलं की किती वेळ वाट बघून फोन केलाय. मी चप्पल घातली आणि निघाले.

तुम्ही पॅसेजमध्ये उभ्या होतात, तोंडावर रुमाल घट्ट धरून. खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलेलं. मी दार उघडलं तर आत खिडक्या सताड उघड्या, हे कुशीवर, अंगावर नुसती चादर, आणि पिशवी एका बाजूने सुटलेली. चादरीवर, गादीवर, पाठीखाली. काही वाळलेलं, काही ओलं. म्हणजे सकाळपासून. माणूस सकाळपासून त्यात पडून होता, आणि तुम्ही घरातच.

लिहायचं तर स्पष्ट लिहिते. मला त्या वेळी तुमची जी किळस आली, ती आजवर कुठल्या मोरीचीसुद्धा आलेली नाही. धाकट्याला मी नेणार म्हणून सगळ्या वॉर्डभर मिरवलंत आणि त्याला दाराआड टाकलंत. तुमच्या तोंडावर बोलणार होते. नव्हे, शब्द जिभेवर आलेही होते.

पण तुम्ही भिंतीला टेकला नव्हतात. पायांवर अवघडून उभ्या होतात, कोपरं अंगाशी आवळून, कशाचं काही लागू नये म्हणून. तसं उभं राहिलेलं माणूस मी लांबूनही ओळखीन. इतकी वर्षं मी तशीच उभी राहिलेय. मग माझ्याने बोलवेना, आणि मी आत जाऊन दार लावून घेतलं.

आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. वास असा होता की डोळ्यांना झोंबत होता. ह्यांनी मला बघितलं आणि चादर ओढून घेतली. म्हणाले, कशाला आलीस? जा. मदतनिसाला बोलावतील संध्याकाळपर्यंत. मी बादलीत कोमट पाणी घेतलं. घाम फुटला होता, तोंडाला पाणी सुटलं होतं. दोनदा उमासा आला, दोन्ही वेळा ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी चादर काढली. उजव्या हाताने पोटाची कातडी दाबून धरली आणि डाव्याने चकती सोलली. सोलताना सगळं उजव्या हातावर आलं, गरम, बोटांच्या मधून. तो हात मी काढला नाही.

"येतेय ना किळस?" ह्यांनी विचारलं, डोळे मिटूनच.

"येतेय."

"खूप?"

"खूप येतेय. तुम्ही पोट हलवू नका, कडा पुसायच्यात."

त्यांनी डोळे उघडले. मी पुसून घेतलं, कोरडं केलं, भोक मापाने कापलं, चकती बसवली. मग उजवा तळहात तिच्यावर दाबून धरून बसले. तिला ऊब लागेपर्यंत धरावी लागते. ह्यांचे थरथरते हात वरून आले आणि माझ्या हातावर बसले. सिस्टर उद्या विचारतील, शंभरपैकी किती होती? नव्वद होती. उतरेल उतरेल म्हणून वाट बघितली, शेवटपर्यंत उतरली नाही. नव्वद असतानाच सगळं केलं.

मी त्यांना टॅक्सीत घालून घरी आणलं, तेव्हाही तुम्ही लांबूनच बघत होतात. तुम्हाला सुटल्यासारखं झालं असेल तर त्यात लाजू नका. मी तुमच्या जागी असते तर मलाही झालं असतं.

पण टॅक्सीत जे झालं ते तुम्हाला कळायलाच हवं. हे म्हणाले, ताई एकदाही आत का आली नाही गं? आल्यापासून दारातूनच बोलायची. मी म्हटलं, त्यांना किळस येते. त्यांनी विचारलं, माझी? म्हटलं, नाही हो, पिशवीची. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, आता पिशवी आणि मी काही वेगळे नाही.

त्यांच्या डोक्यात आता हे बसलंय. सिस्टर ह्याला विचार म्हणतील. मी नाही म्हटलं, समजावून सांगितलं, पण माझ्या नाहीला काय किंमत आहे? त्यांना रोज डावा हात देणारी मी. तुम्ही त्यांना लहानपणापासून अंगाखांद्यावर वागवलंत. त्यांनी काय मानायचं ते आता तुमच्यावर आहे, तुमची इच्छा असो नसो.

तेव्हा या. मला तुमच्याबद्दल माया वाटायला लागलीय असा गैरसमज नको. पिशवीला हात लावायचा नाही, ते माझं काम. तुम्ही फक्त खोलीत येऊन खुर्चीवर बसायचं. दार बंद, खिडकी बंद, रुमाल पर्समध्ये. किळस येईल. वाटेल की आता सहन होणार नाही. उठायचं नाही. उलटी झाली तर होऊ द्या, मी बादली तुमच्या पायाशी ठेवते आणि नंतर ती मीच धुते.

फक्त तोंड फिरवायचं नाही. ते बघत असतात.

तुमची भावजय